घंगाळ देऊन आणलेली जाळी

आत्मारामचं एक वागणं त्याच्या आईला, यमुनाबाईंना, जन्मात पटलं नाही. घरच्या माणसांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि हाताला काळं तेल लागलेला कुणीही माणूस त्याला हरिश्चंद्राचा धाकटा भाऊ वाटायचा. गड्यानं माडावरून नारळ उतरवले की हा ते दोनदा मोजायचा. दूधवालीच्या दुधात बोट बुडवून बघायचा. आमटीत मीठ घातलंय असं बायको म्हणाली, तरी भुरका मारल्याशिवाय खरं मानायचा नाही. पण एखादा मोटारवाला "आत्मारामशेट, हा टायर पाच वर्षं हलायचा नाय" असं म्हणाला, की हा टायराकडे न बघताच तो डोक्यावर घेऊन घरी यायचा. टायर खरंच हलायचा नाही. पाच वर्षं माडाखाली पडून राहायचा.

त्या काळी रत्नागिरीत आणि आसपास मिळून जुन्या मोटारींचं वेड लागलेले पाच जण होते. मुंबईत कुणा साहेबानं वापरून टाकलेली मोटार शिडाच्या पडावात घालून आणायची, पावसाचे चार महिने ती माडाच्या झापांखाली झाकून ठेवायची आणि दसऱ्याला हार घालून पुन्हा जोडायला घ्यायची, हा त्यांचा वार्षिक कुळाचार. जोडताना दर वर्षी काही ना काही कमी पडायचंच. मग ह्याचा दिवा त्याला, त्याचा भोंगा ह्याला, अशी देवघेव चालायची. त्या देवघेवीला पावती नव्हती, साक्षीदार नव्हता. नुसता शब्द होता. यमुनाबाई त्यांना पांडव म्हणायच्या. "मेल्यांना द्रौपदी मिळाली नाय ते बरं," असंही म्हणायच्या, "नायतर एका भोंग्यापायी तिलापण देऊन टाकली असती."

दिवाळी चार दिवसांवर आली होती. भाचीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस पावसला माहेरी राहून यमुनाबाई आदल्या दिवशीच परतल्या होत्या. सकाळी चिंचेचा गोळा हातात घेऊन त्या मागच्या न्हाणीत गेल्या आणि दारातच थबकल्या. दगडावर घंगाळाच्या बुडाचा गोल डाग होता. डागावर एक बेडूक बसला होता. घंगाळ नव्हतं.

"कमळे, घंगाळ कुठं हाय?"

सून पोहे पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. "कुठलं घंगाळ, आत्ये?"

"आपल्या घरात घंगाळांची जत्रा भरते काय? कुठलं म्हणे!"

"तुमच्या मुलग्यालाच विचारा. मी काय सांगितलं तर म्हणतील, चुगली केली."

घंगाळ म्हणजे साधं नव्हतं. अकराव्या वर्षी यमुनाबाई लग्न होऊन ह्या घरात आल्या, तेव्हा त्यांच्या मागून दोन गडी ते तांब्याचं घंगाळ कड्यांना धरून घेऊन आले होते. काठावर कासारानं ठोकून 'यमुना' असं नाव घातलं होतं. यमुनाबाईंना जी चार अक्षरं वाचता यायची, त्यातली तीन ही होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात कारीट फोडून घरातला जो तो त्याच घंगाळातल्या पाण्यानं न्हायचा. चाळीस वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता. "चाळीस वर्षांत थेंब गळला नाय," असं त्या प्रत्येक दिवाळीला चार घरी सांगून यायच्या. दिवाळीआधी ते घासायला मात्र त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मागचं दार लावून घ्यायच्या आणि एकट्याच अर्धा दिवस आत बसायच्या. माहेरची वस्तू, सुनेच्या हाती द्यायची नसते, एवढंच म्हणायच्या.

आत्माराम अंगणात मोटारीच्या पोटाखाली होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. यमुनाबाईंनी पायांनाच विचारलं.

"घंगाळ कुठं रे?"

पाय आक्रसले. "आये, तू पावसहून दमून आली असशील. चहा घे आधी."

"चहा घंगाळातून पिऊ काय? कुठं हाय?"

"पालीच्या रावजीकडे."

"उसनं नेलंय?"

"नाय. बदलीवर दिलंय."

"कशाच्या?"

मोटारीखालून एक काळा हात बाहेर आला आणि त्यानं वर, मोटारीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तिथं जाळीसारखं एक चौकोनी काहीतरी बसवलेलं होतं. आत्माराम त्याला रेडिएटर म्हणायचा. ह्यात पाणी घालायचं, ते नळ्यांमधून फिरतं आणि इंजिन थंड राहतं, हे त्यानं आईला तीन वर्षांत तीस वेळा सांगितलं होतं.

"आपली जाळी खाऱ्या वाऱ्यानं खलास झाली होती, आये. रावजीकडे एक जादा होती. तो पैसे घेईना. त्याच्या म्हातारीला घंगाळच पाहिजे होतं. तांब्याला तांबं दिलं, काय वाईट केलं?"

"मथुरेला?" यमुनाबाईंचा आवाज माडाच्या शेंड्यापर्यंत चढला. "त्या मथुरेला माझं घंगाळ?"

रावजीची आई मथुरा मूळची पावसचीच, यमुनाबाईंच्या शेजारच्या वाडीतली. दोघींचं लग्न एकाच वर्षी झालं. मथुरेला माहेरून पितळेचा हंडा मिळाला होता, घंगाळ नाही. ही गोष्ट दोघीही विसरल्या नव्हत्या.

"लिहून काय घेतलंस?" यमुनाबाईंनी विचारलं.

"आमच्यात लिहून घेत नाय. शब्द असतो."

"शब्द! चतुर्दशीला शब्द तापवून आंघोळ करशील काय? त्या जाळीत पाणी तरी राहतं की नाय, बघितलंस?"

आत्माराम आता पूर्ण बाहेर आला. "रावजीनं माझ्यासमोर पाणी भरलं. मोटार चालू करून दाखवली. आम्ही दोघांनी पान खाल्लं, थुंकून पण झालं. खाली एक थेंब नाय. मोटारवाला मोटारवाल्याला फसवत नाय, आये."

"पान खाऊन होईपर्यंत माझा नवरापण गोड बोलायचा," यमुनाबाई म्हणाल्या. "काढ तुझी मोटार. पालीला जायचंय."

"आता?"

"आता. जाळी चांगली असेल तर पालीपर्यंत जाईल. मग मी तोंड उघडणार नाय. आणि वाटेत एक थेंब जरी गळला, तर जाळी त्याच्या अंगणात टाकून घंगाळ उचलून आणीन. चतुर्दशीला ते ह्या न्हाणीत पाहिजे."

यमुनाबाईंनी आजवर त्या मोटारीत पाय ठेवला नव्हता. आता त्यांनी घडीचं लुगडं नेसलं, प्रवासाला निघताना घेतात तसा पाण्याचा तांब्या घेतला आणि मागच्या गादीवर मधोमध बसल्या. पुढं आत्मारामशेजारी सदू येऊन बसला. मिरकरवाड्याचा सदूही पाचांतलाच एक. त्याच्या मोटारीचे भाग शब्दाशब्दानं दुसऱ्यांच्या मोटारींत गेले होते. आता फक्त गादी आणि मोटार वळवायचं चक्र उरलं होतं. त्या गादीवर बसून तो मासळीचा लिलाव बघायचा, आणि कुठलीही मोटार कुठंही निघाली की तीत जाऊन बसायचा. कारण बहुतेक मोटारींत थोडीफार त्याचीच मोटार असायची.

"काकी, तुम्ही उगाच घाबरता," सदू मागं वळून म्हणाला. "आमच्यात कायदा हाय. बदलीचा भाग बिघडला, तर दिला त्याचा दोष नाय, घेतला त्याचाही नाय."

"मग काय माझा?"

"त्या भागाची शेवटची दुरुस्ती ज्याच्या हातची, त्याचा. त्यानं भरून द्यायचं. मग तो कुणीही असो, राजा असो नायतर मांडवीचा हमाल."

यमुनाबाईंनी क्षणभर विचार केला. "हे बरं हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडून पहिल्यांदा काही शहाणं ऐकलं. कायदा लक्षात ठेव. पालीत लागेल."

सात-आठ मैल सगळं सुरळीत गेलं. भातं पिकून पिवळी झाली होती, कापणी चालू होती. आत्माराम दर मैलाला मागं वळून "बघ आये, थेंब नाय" म्हणत होता, आणि यमुनाबाई दर मैलाला "पुढं बघ" म्हणत होत्या. हातखंब्याचा चढ लागला आणि मोटारीच्या तोंडातून बारीक शिट्टी यायला लागली.

"हे काय?"

"वाफ, आये. चढावर येतेच."

"माझ्या चुलीवरपण येते. पण मी चूल घेऊन पालीला जात नाय."

शिट्टीचा आवाज वाढत गेला. मग फाट्कन जाळीचं टोपण उडालं आणि रस्त्याकडेच्या निवडुंगात जाऊन पडलं. त्याच्या मागोमाग दाट, तपकिरी, रटरटणारा लोट उसळला. तो इंजिनाच्या झाकणावर पडला, पुढच्या काचेवर पडला, काचेवरून उडून सदूच्या टोपीवर पडला, आणि उरलेला यमुनाबाईंच्या घडीच्या लुगड्यावर येऊन विसावला. मोटार एकदा खोकली आणि गप झाली.

खालच्या मळ्यात भात कापणारी माणसं विळे हातात घेऊन धावत वर आली. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं नाक वर करून वास घेतला. "अगो बाय," ती हळहळली, "पिठी करपली!"

"पिठी?" आत्माराम म्हणाला. "पिठी कुठली? गंजाचं पाणी हाय ते."

पण एक कुत्रं येऊन चाकाखालचं गंजाचं पाणी मिटक्या मारत चाटायला लागलं होतं. आणि यमुनाबाईंनी उभ्या जन्मात चाखून बघितल्याशिवाय कुणाच्या पिठीला नावं ठेवली नव्हती. त्यांनी लुगड्यावरचा ओघळ करंगळीनं टिपला आणि जिभेवर ठेवला.

"कुळीथ!"

भात कापणाऱ्यांनी माना पुढं काढल्या.

"कुळथाचं पीठ भरलंय जाळीत! भोकं बुजवायला!" यमुनाबाई मोटारीत उभ्या राहिल्या. "माझ्या माहेरच्या घंगाळाच्या बदल्यात मेल्यानं मला पिठी दिली. आणि तीसुद्धा अळणी!"

सदूनं टोपणाच्या भोकातून आत डोकावून पाहिलं. "बरोबर हाय, काकी. पीठ नळ्यांत शिजून घट्ट झालंय. पाणी फिरायला वाटच नाय."

"तुझा मोटारवाला तर मोटारवाल्याला फसवत नाय ना रे?"

"रावजी असं करायचा नाय, आये," आत्माराम काच पुसत पुटपुटला.

"मग काय कुळीथ आपल्या पायानं चालत आत गेले?" यमुनाबाईंनी पुन्हा एक बोट चाखलं. ह्या वेळी जरा सावकाश. रागात असल्या तरी जीभ आपलं काम सोडत नव्हती. "भाजलंय मात्र झकास. तेलाचा वास सोडला तर एक दाणा कच्चा नाय, एक दाणा करपलेला नाय. कुठल्या तरी जाणत्या बाईचा हात हाय हा. असली बाई त्या चोराच्या घरात कशी जाऊन पडली, देव जाणे."

त्यांनी तांब्यातलं पाणी ओतून दिलं, जाळीच्या तोंडाशी तांब्या धरून त्यात दोन घोट पिठी घेतली, वर पळसाचं पान दाबून बसवलं. "हा पुरावा."

मोटार चालेना. शेवटी कापणीच्या माणसांतला भागोजी आपली बैलजोडी घेऊन आला. दोरानं मोटार जोखडाला बांधली. आत्माराम म्हणाला, "आये, तू गाडीरस्त्यानं पायी चल, मोटार हलकी होईल." यमुनाबाई म्हणाल्या, "मी घरून मोटारीतून निघाले. पालीत मोटारीतूनच उतरणार." तशा त्या उतरल्या, पण पालीला. पुढं दोन बैल, मग भागोजी, मग चक्र धरून खाली मान घातलेला आत्माराम, मागून ढकलणारा सदू, आणि मध्ये पिठीनं माखलेल्या लुगड्यात, मांडीवर तांब्या घेऊन, ताठ बसलेल्या यमुनाबाई. वाटेत दोन वाड्यांनी ती वरात दारात येऊन पाहिली. एका ठिकाणी नवरी कुठली ते विचारलं.

रावजी अंगणात मोटारीचा दिवा पुसत बसला होता. तिशीचा, सडपातळ, चेहऱ्यावर कधीही कुणाला फसवू न शकणाऱ्या माणसाचा भाव. त्यामुळेच यमुनाबाईंना तो पक्का चोर वाटला. ओटीवर मथुरा सुपारी कातरत बसली होती. आणि तिच्या पुढ्यात, तुळशीजवळच्या दगडावर, चिंचेनं लखलखीत घासलेलं, नुकतंच काठोकाठ पाणी भरलेलं घंगाळ होतं. 'यमुना' हे नाव बरोबर मथुरेकडे तोंड करून ठेवलं होतं.

"या, काकी!" रावजी उठला. "मोटारीला बैल कसे काय जुंपले?"

"तुझ्या कृपेनं!" यमुनाबाई उतरल्या आणि त्यांनी तांब्या त्याच्या नाकासमोर धरला. "वास घे. हे काय हाय?"

रावजीनं वास घेतला. "पिठी."

"कुठून निघाली?"

"तुमच्या स्वयंपाकघरातून?"

"तुझ्या जाळीतून! भोकं बुजवून, पीठ भरून, माझ्या भोळ्या पोराच्या गळ्यात मारलीस. पान खाऊ घातलंस वर. मोटारवाल्याचा शब्द म्हणे! पिठात कालवलेला शब्द! गावदेवीसमोर उभा राहशील काय, आणि सांगशील काय की जाळीत पीठ घातलं नव्हतं?"

अंगणात शेजारपाजारची दहा-पंधरा माणसं जमली होती. सगळ्यांनी रावजीकडे पाहिलं. रावजीनं आईकडे पाहिलं. मथुरेनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"पीठ घातलं होतं," ती म्हणाली. "मीच घातलं. त्यात लपवायचं काय?"

यमुनाबाईंनी पुरावा, साक्षी, शपथा, सगळं तयार ठेवलं होतं. कबुलीजबाबाची तयारी नव्हती.

"ऐकलंत?" त्या लोकांकडे वळल्या. "ऐकलंत सगळ्यांनी?"

"मी आत्मारामला सांगितलं होतं, काकी," रावजी म्हणाला. "जाळी झिरपत होती, दुरुस्त केलीय, दुरुस्ती तुझ्या आईच्या हातची समज. असंच बोललो ना रे?"

आत्मारामनं डोकं खाजवलं. "बोललास. मला वाटलं, घरच्यासारखी पक्की, अशा अर्थानं बोललास. मी नीट विचारलं नाय."

"कधी नीट विचारलंयस!" यमुनाबाई कडाडल्या. मग एकदम थांबल्या. "माझ्या हातची म्हणजे?"

"यमुने, बस," मथुरा म्हणाली. "नवरात्रात भगवतीला भेटलो होतो, आठवतं? ओटी भरून झाल्यावर मी तुला विचारलं, आमच्याकडे एक तांब्याचं भांडं झिरपतंय, काय करू?"

"मडक्याचं विचारलंस तू."

"तांब्याचं. तू बोललीस, तांबं असो नायतर माती, यमुनेची पिठी धरते. पीठ पाण्यात कालवायचं, आत ओतायचं, एक उकळी द्यायची. मी विचारलं, नक्की? तू बोललीस, थेंब गळला तर नाव बदलीन. आणि घरी नेऊन माझ्या ओच्यात दोन मुठी पीठपण घातलंस. बोललीस, दुसरं वापरू नको, माझ्यासारखं भाजलेलं मिळायचं नाय."

यमुनाबाईंच्या हातातला तांब्या जरा खाली आला. जाणत्या बाईचा हात. तरीच.

"मोटारीची जाळी म्हणून सांगितलंस काय?"

"तू विचारलंस काय? मोटारीचं नाव काढलं असतं तर देवळातच माझी हजेरी घेतली असतीस."

भागोजीनं पुढं होऊन पळसाच्या पानाखाली बोट घातलं आणि चाखलं. "पिठी चांगली हाय," तो म्हणाला. "मीठ नाय."

माणसं हसली. सदूला तेवढ्यात आपला कायदा आठवला. आठवला तसा तो बोलला, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे. "म्हंजे शेवटची दुरुस्ती काकींच्या हातची. दोष दिला त्याचा नाय, घेतला त्याचा नाय..."

"मेल्या, तू गप बस!" यमुनाबाई म्हणाल्या. पण कायदा त्यांनीच लक्षात ठेवायला सांगितला होता.

दुसरी कुणी असती तर इथं खचली असती. यमुनाबाईंनी पदर खोचला.

"मी काय बोलले? थेंब गळणार नाय, असं बोलले. बोलले की नाय, मथुरे? आता ह्या आत्मारामला विचार. शहरापासून हातखंब्यापर्यंत मोटारीखाली एक थेंब पडला काय?"

"नाय पडला," आत्माराम म्हणाला. ते खरंच होतं.

"मग! गळला नाय. उतू गेला! उतू जाणार नाय, असं मी कुठं बोलले होते? उतू जाणं हा चुलीचा दोष, पिठीचा नाय. माझ्या पिठीनं भोक धरलं ते धरलंच. चाळीस वर्षं झाली, माझ्या हातून बुजवलेलं भांडं कधी..."

टप्.

आवाज बारीक होता. घंगाळाखालच्या दगडावरून आला होता.

यमुनाबाईंनी तो ऐकला नाही असं दाखवलं. "कधी गळलं नाय. तेव्हा मी काय म्हणते, झालं गेलं विसरा. जाळी तुमची तुम्हाला, घंगाळ माझं मला. सदू, भांड्यातलं पाणी ओत आणि उचल. लवकर."

टप्. टप्.

घंगाळाच्या बुडाशी, सांध्याजवळ, एक थेंब फुगत होता. सगळं अंगण त्या थेंबाकडे बघत होतं. थेंब सुटला. त्याच्या मागून दुसरा फुगायला लागला. त्याचा रंग किंचित तपकिरी होता.

"परवा दुपारी मी पाणी भरलं," मथुरा सुपारी चघळत म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यानंच तर जास्त लागत होतं. "तासाभरात खाली ओल. मी म्हटलं, यमुनेचं घंगाळ गळेल कसं? उलटं करून बघितलं. सांध्यात पिठी वाळून बसली होती. जुन्यावर नवी, नव्यावर आणखी नवी, थरांवर थर. तेव्हा समजलं, तुझं औषध कुठं अजमावलेलं होतं ते."

मागचं दार लावून अर्धा अर्धा दिवस चाललेली घासाघीस आत्मारामच्या डोळ्यांसमोर आली. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मग बोलली का नायस लगेच?" यमुनाबाईंनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच अंगणाबाहेर गेला नाही.

"काय बोलायचं? आम्ही गळकं दिलं, तुम्ही गळकं दिलंत. दोन्हींत पीठ तुझंच. म्हटलं, फिटंफाट." मथुरा उठली, खाली उतरली आणि घंगाळाच्या कड्याला हात लावून म्हणाली, "पण तुझ्या माहेरचं हाय. चतुर्दशीला ह्याच्याशिवाय तुझ्या घरात कुणी न्हात नाय, ते सगळ्या पावसला ठाऊक हाय. ने तू."

बोलणं सोपं होतं. कडं धरायचं आणि निघायचं. यमुनाबाईंनी खरोखरच कडं धरलं. ओल्या तांब्यावरून एकदा हात फिरवला, नावाच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. सकाळपासून ज्याच्यासाठी अख्खा रस्ता पालथा घातला, ते हातात आलं होतं. पण समोर पंधरा माणसं उभी होती, आणि त्यांच्यापुढं मथुरेनं फुकट दिलेलं घेऊन जाणं यमुनाबाईंना दुसऱ्यांदा उतू गेल्यासारखं झालं असतं.

"नेते," त्या म्हणाल्या. "पण दान म्हणून नाय. माझ्या लेकानं शब्द दिलाय, तो मी मोडणार नाय. घंगाळ आणि जाळी, दोन्ही मी नेते. आमच्या कासाराकडून दोन्हींना पक्का डाग लावून घेते, समोर बसून. पीठ नाय, कथील. चतुर्दशीची आंघोळ माझ्याकडे होईल. आणि तू ये त्या दिवशी मथुरे, पहिलं पाणी तुझ्या डोक्यावर. पाडवा झाला की घंगाळ तुझं. आत्माराम स्वतः आणून ठेवील."

मथुरेनं सुपारीचं एक खांड यमुनाबाईंच्या हातावर ठेवलं.

रावजीला काही तरी बोलायला हवं असं वाटलं. "काकी, लिहून देऊ काय? दोन ओळी? तुमच्याकडे पावती असलेली बरी."

"पावती कसली?" यमुनाबाई गरजल्या. "शब्द दिलाय ना? आम्ही काय शब्द न पाळणारी माणसं वाटलो तुला?"

आत्मारामनं तोंड दुसरीकडे फिरवलं. सदू खोकला.

घंगाळ रिकामं करून मोटारीत मागच्या गादीवर ठेवलं, जाळी काढून घंगाळात ठेवली, आणि शेजारी यमुनाबाई बसल्या. भागोजीनं बैल जुंपले. वेस मागं पडली. मग आत्माराम हळूच म्हणाला, "आये, एवढी वर्षं तू म्हणत होतीस थेंब गळत नाय, आणि मी ते कधी बघितलंच नाय. घरात एका तुझ्यावरच माझा विश्वास होता."

यमुनाबाई पुढं वाकल्या, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"हेच तुझं चुकतं, आत्माराम! मेल्या, मोटारवाल्यांवर विश्वास ठेव, गड्यांवर ठेव, दूधवालीवर ठेव. पण तुझी आई 'गळत नाय' बोलली, की आधी पाणी भरून बघत जा!"